मुद्रा, पडदा आणि मतदार

राजाच्या मुद्रेवरून त्याच्या मनाचा ठाव घेण्याची विद्या भारतात फार जुनी आहे. कौटिल्याने अर्थशास्त्रात मंत्ररक्षणाचा विचार करताना इंगित आणि आकार या दोहोंचा मुद्दाम निर्देश केला आहे. माणसाची नेहमीपेक्षा वेगळी हालचाल म्हणजे इंगित, आणि चेहऱ्यावर उमटणारा भाव म्हणजे आकार. गुप्त खलबत या दोन वाटांनी बाहेर फुटते, म्हणून राजाने व अमात्यांनी त्या वाटा बंद ठेवाव्यात, असा त्याचा रोख आहे. राजा प्रसन्न आहे की रुष्ट हे सेवकाने कसे ओळखावे, याचीही चर्चा त्याच ग्रंथात येते. दुसरीकडे भरतमुनींच्या नाट्यशास्त्राने आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे अभिनयाचे चार प्रकार सांगून, मनात नसलेला भाव शरीरावर कसा आणावा, याचे संपूर्ण शास्त्र सिद्ध केले. एक विद्या मुद्रा वाचणाऱ्याची, दुसरी मुद्रा वठविणाऱ्याची. या दोन्ही विद्या ज्या देशात शेजारी शेजारी नांदल्या, त्या देशात पुढे प्रौढ मताधिकार आला आणि कोट्यवधी सामान्य माणसांवर राज्यकर्त्याची मुद्रा वाचण्याचे काम येऊन पडले. पूर्वी हे काम दरबारातील मूठभर लोकांचे होते. आता ते प्रत्येक मतदाराचे झाले.

निवडणुकीच्या दिवसांत देहबोली या शब्दाचा सुकाळ होतो. अमुक नेत्याचे खांदे पडलेले होते, तमुक नेत्याच्या डोळ्यांत आत्मविश्वास होता, अशा निरीक्षणांनी वृत्तपत्रांचे रकाने भरतात. या निरीक्षणांतून मतदाराच्या हाती खरोखर काय लागते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. त्याचे उत्तर शोधण्यास भोपाळसारखे दुसरे शहर मिळणे कठीण. राज्यकर्त्याचा चेहरा प्रजेला वर्षानुवर्षे दिसलाच नाही, असा काळ या शहराने पाहिला आहे. आणि एका मुख्यमंत्र्याने केवळ स्वतःचे शरीर एका जागी बसवून लाखो लोकांना धीर देण्याचा प्रयत्न केला, तो प्रसंगही याच शहरात घडला.

पडद्यामागचे राज्य

एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभापासून 1926 पर्यंत भोपाळ संस्थानाची सूत्रे बहुतांश काळ चार बेगमांच्या हाती होती. 1819 मध्ये नवाब नजर मुहम्मद खान यांचा पिस्तुलाची गोळी लागून अपघाती मृत्यू झाला आणि त्यांच्या तरुण विधवा कुदसिया बेगम यांनी कारभार हाती घेतला. पुढे त्यांनी पडदा सोडला. त्यांच्या कन्या सिकंदर बेगम यांनी तर पडदा मानलाच नाही. त्या घोड्यावर बसत, मुलखाची पाहणी करीत आणि प्रजेसमोर उघड्या चेहऱ्याने वावरत. 1868 मध्ये त्यांचे निधन झाले आणि शाहजहान बेगम गादीवर आल्या. 1871 मध्ये सिद्दीक हसन खान यांच्याशी दुसरा विवाह झाल्यानंतर शाहजहान बेगमांनी पडदा स्वीकारला, आणि जिच्या आजीने व आईने प्रजेला चेहरा दाखविला होता, त्या राज्यकर्तीचा चेहरा प्रजेच्या दृष्टीआड झाला.

या काळातील भोपाळची टपाल तिकिटे संग्राहकांना परिचित आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात निघालेल्या या तिकिटांवर शाहजहान बेगमांचे नाव आहे, उठावाच्या अक्षरांतील उर्दू मजकूर आहे; चित्र मात्र नाही. ब्रिटिश हिंदुस्थानच्या तिकिटावर व्हिक्टोरिया राणीचा चेहरा गावोगाव पोहोचत असता भोपाळच्या तिकिटावर केवळ अक्षरे होती. राज्यकर्ती नावाने आणि हुकुमाने ओळखली जात होती.

म्हणून कारभार थांबला काय? तसे झाले नाही. ताज-उल-मसाजिदसारखी भव्य वास्तू याच काळात उभी राहू लागली. प्रजेपुढे फर्मान होते, सारा होता, काझीचा निवाडा होता, आणि त्यांवरून राज्य बरे की वाईट हे तिला ठरविता येत होते. पडद्याने एक गोष्ट मात्र घडली. जे दिसत नाही त्याविषयी तर्ककुतर्क वाढतात. बेगमांच्या नावाने निघणारे हुकूम खरे कोणाचे, ही शंका दरबारात आणि इंग्रज रेसिडेंटांच्या गोटात बळावत गेली. अखेरीस 1885 मध्ये सिद्दीक हसन खान यांचे किताब व मानमरातब इंग्रजांनी काढून घेतले. चेहरा दिसेनासा झाला की लोक माणसाऐवजी त्याच्या भोवतालच्यांना वाचू लागतात, हा धडा या प्रकरणातून मिळतो.

चौथ्या राज्यकर्त्या सुलतान जहान बेगम 1901 मध्ये गादीवर आल्या. 1911 मध्ये पंचम जॉर्जच्या राज्यारोहणासाठी त्या लंडनला गेल्या त्या बुरख्यातच. पण बुरख्याआडच्या या राज्यकर्तीचे मन लोकांना अज्ञात राहिले, असे कोणी म्हणणार नाही. त्यांनी मुलींच्या शाळा काढल्या, ग्रंथ लिहिले, आत्मचरित्र लिहिले. 1920 मध्ये अलिगढ मुस्लिम विद्यापीठाच्या त्या पहिल्या कुलपती झाल्या. त्यांची कीर्ती कृतीने आणि लेखणीने पसरली. पुढे उतारवयात त्यांनी स्वतःहून पडदा सोडला, तोवर त्यांची ओळख पक्की झालेली होती. मुद्रा न पाहताही राज्यकर्त्याची पारख होऊ शकते, याचा एवढा स्पष्ट दाखला अन्यत्र विरळाच.

मतपेटीपुढे आलेला चेहरा

1926 मध्ये सुलतान जहान बेगमांनी आपले पुत्र हमीदुल्ला खान यांच्या हाती राज्य सोपविले. स्वातंत्र्यानंतर संस्थान भारतात पूर्णतः विलीन व्हावे यासाठी 1948-49 मध्ये प्रजेने आंदोलन उभारले. 14 जानेवारी 1949 रोजी नर्मदाकाठी बोरास येथे झालेल्या गोळीबारात तिरंगा घेऊन निघालेले तरुण हुतात्मे झाले. 1 जून 1949 रोजी भोपाळचा कारभार केंद्र सरकारने हाती घेतला आणि नवाबी संपली.

त्यानंतर आली ती 1951-52 ची पहिली सार्वत्रिक निवडणूक. त्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची मतपेटी वेगळी होती आणि तिच्यावर चिन्ह चिकटविलेले होते. उमेदवाराचे छायाचित्र कोठेही नव्हते. 1951 च्या जनगणनेनुसार देशातील साक्षरता अठरा टक्क्यांच्या आसपास होती; म्हणून अक्षरांऐवजी बैलजोडी, झोपडी, दिवा अशी चित्रे पुढे करावी लागली. पडदा मात्र अजून सरलेला नव्हता. तो आता मतदारयादीत शिरला होता. अनेक स्त्रियांनी स्वतःचे नाव सांगण्यास नकार दिला. अमक्याची पत्नी, तमक्याची कन्या एवढेच त्या सांगत. अशी सुमारे 28 लाख नावे यादीतून वगळावी लागली, आणि त्यांतील बहुसंख्य बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य भारत व विंध्य प्रदेश येथील होती. राज्यकर्ता प्रजेपुढे उघडा झाला, पण मतदार स्त्री अजून नावानेही उघड होत नव्हती. अशा परिस्थितीत 1957 मध्ये आणि पुन्हा 1962 मध्ये भोपाळच्या मतदारांनी मैमूना सुलतान या स्त्रीला लोकसभेवर पाठविले, ही गोष्ट बेगमांच्या शहराला शोभणारीच होती.

यंत्रावरील मतपत्रिकेत उमेदवाराचे छायाचित्र आले ते 2015 पासून. आणि तेही सारख्या नावांच्या उमेदवारांमुळे मतदाराचा गोंधळ होऊ नये एवढ्याचसाठी. निवडणूक आयोगाने चेहरा घेतला तो ओळख पटविण्यासाठी. त्यावरून गुणदोष पारखावेत, अशी त्यात अपेक्षा नव्हती.

1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यपुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले आणि नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळ झाली. नागपूरच्या सचिवालयातील कागदपत्रांबरोबर मराठी कर्मचाऱ्यांची कुटुंबेही भोपाळला आली. तात्या टोपे यांचे नाव मिरविणारे नवे नगर वसले आणि शहरात मराठी बोल ऐकू येऊ लागले. या पार्श्वभूमीवर 1967 ची निवडणूक मराठी वाचकाला विशेष रोचक वाटेल. त्या वर्षी भोपाळमधून भारतीय जनसंघाचे जगन्नाथराव जोशी निवडून आले. मूळचे कर्नाटकातील नरगुंदचे, कानडी आणि मराठी दोन्ही भाषांचे धनी, 1955 च्या गोवा मुक्तिसत्याग्रहात पोर्तुगिजांचा तुरुंगवास भोगलेले जगन्नाथराव हे त्या पिढीतील नाणावलेले वक्ते. विनोदाने भरलेले त्यांचे हिंदी भाषणही सभा जिंकीत असे. भोपाळची बोली उर्दूमिश्रित, अदबीची, वक्ता दक्षिणेकडचा. तरीही तो परका ठरला नाही.

वक्तृत्वाचा हा विजय म्हणावा काय? अंशतः म्हणता येईल. परंतु 1967 हे वर्ष देशभर काँग्रेसविरोधी लाटेचे होते, अन्नटंचाईचे आणि महागाईचे होते. वक्त्याच्या हावभावांनी ऐकणारा खिळून राहतो. मत देताना मात्र तो घरची चूलही आठवतो.

एकच चेहरा, तीन निकाल

या गोष्टीची कसोटी पाहावयाची तर डॉ. शंकर दयाळ शर्मा यांच्याकडे पाहावे. 1918 साली भोपाळमध्येच जन्मलेले शर्माजी विलीनीकरणाच्या आंदोलनात तुरुंगात गेले, 1952 मध्ये अवघ्या 33 व्या वर्षी भोपाळ राज्याचे मुख्यमंत्री झाले, आणि 1956 पर्यंत त्या पदावर राहिले. शहराला त्यांची चाल, त्यांचे बोलणे, त्यांची टोपी सारे परिचित होते. 1971 मध्ये भोपाळने त्यांना लोकसभेत पाठविले. 1977 मध्ये याच भोपाळने त्यांना पराभूत करून जनता पक्षाचे आरिफ बेग यांना निवडले. 1980 मध्ये पुन्हा शर्माजी विजयी झाले.

नऊ वर्षांत तीन निकाल लागले. उमेदवार एकच होता, शहर एकच होते. त्यांच्या मुद्रेत वयाच्या खुणांखेरीज काही बदलल्याचे कोणी सांगणार नाही. बदलली होती ती परिस्थिती. 1977 चा मतदार आणीबाणी, सक्तीची नसबंदी आणि मुस्कटदाबी यांना उत्तर देत होता. त्या लाटेत मध्य प्रदेशातील चाळीसांपैकी केवळ एक जागा काँग्रेसला राखता आली. 1980 चा मतदार जनता पक्षातील भांडणांना विटला होता. मुद्रेवरून निवडणुकीचे भाकीत करणाऱ्यांनी हे तीन निकाल समोर ठेवावेत. त्याच प्रांतातील दुसरा दाखला ग्वाल्हेरचा आहे. शब्दाइतकाच विरामाचा, मिटलेल्या डोळ्यांचा आणि हाताच्या संथ लकबीचा वापर करण्यात अटलबिहारी वाजपेयींचा हात धरणारा वक्ता झाला नाही. तेच वाजपेयी 1984 मध्ये आपल्या जन्मगावी माधवराव शिंदे यांच्याकडून सुमारे पावणेदोन लाख मतांनी हरले.

शर्माजींच्या आयुष्यातील आणखी एक प्रसंग येथे स्मरणीय आहे. 1987 ते 1992 या काळात उपराष्ट्रपती या नात्याने ते राज्यसभेचे सभापती होते. एकदा सभागृहातील गदारोळ अनावर झाला तेव्हा सभापतींच्या आसनावरच त्यांना अश्रू अनावर झाले, आणि ते पाहून सभागृह शांत झाले. अश्रू हा नाट्यशास्त्राने सांगितलेल्या आठ सात्त्विक भावांपैकी एक. स्वेद, रोमांच, स्वरभंग, कंप, वैवर्ण्य यांच्याच पंगतीतला. हे भाव मनाच्या एकाग्रतेशिवाय आणता येत नाहीत, म्हणून शास्त्राने त्यांना वेगळे स्थान दिले. त्या दिवशीच्या अश्रूंनी एका ज्येष्ठ माणसाची व्यथा खरी आहे एवढे निश्चित सांगितले. परंतु गदारोळाची सवय त्यांनी मोडली नाही. शरीर खरे बोलले तरी त्याचा पल्ला मर्यादित असतो.

सोळा डिसेंबर

2 आणि 3 डिसेंबर 1984 च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथिल आयसोसायनेट वायू सुटला आणि जुन्या भोपाळवर मृत्यूचे थैमान माजले. सरकारी नोंदीनुसारच पहिल्या काही दिवसांत दोन हजारांहून अधिक माणसे दगावली. कारखान्याच्या टाक्यांत आणखी वायू शिल्लक होता. तो निकामी करणे भाग होते, आणि कारखाना पुन्हा सुरू करून त्याचे कीटकनाशकात रूपांतर करणे हाच मार्ग तज्ज्ञांनी निवडला. डॉ. एस. वरदराजन यांच्या मार्गदर्शनाखाली 16 डिसेंबरला हे काम सुरू व्हावयाचे ठरले. मोहिमेला नाव देण्यात आले ‘ऑपरेशन फेथ’, म्हणजे विश्वासाची मोहीम.

कारखान्याभोवती ओल्या कापडाचे पडदे लावण्यात आले, हेलिकॉप्टरमधून पाणी शिंपडण्याची व्यवस्था झाली, शहरात छावण्या उघडल्या गेल्या. आणि मुख्यमंत्री अर्जुन सिंह यांनी जाहीर केले की काम चालू असताना आपण स्वतः कारखान्याच्या आवारात बसून राहू. त्याप्रमाणे ते गेले. भोपाळच्या इतिहासात शरीराने बोलण्याचा एवढा थेट प्रयत्न दुसरा झाला नसेल. ज्या जागेच्या भीतीने शहर थरथरत होते, त्याच जागी मुख्यमंत्र्यांनी आपला देह नेऊन ठेवला. यापेक्षा स्पष्ट देहबोली ती कोणती?

शहराने ती पाहिली आणि शहर निघून गेले. रेल्वेगाड्या, बसगाड्या, बैलगाड्या, जे मिळेल त्या वाहनाने माणसे बाहेर पडली. जाणाऱ्यांची संख्या लाखांच्या घरात गेली. भोपाळच्या गल्ल्या ओस पडल्या. पुढे आठवडाभरात काम निर्विघ्न पार पडले, कोणालाही इजा झाली नाही, आणि लोक परतले. म्हणजे मुख्यमंत्र्यांच्या शरीराने जे सांगितले ते खरे होते. तरीही लोकांनी ते मानले नाही.

का मानले नाही, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. डिसेंबर 1981 मध्ये याच कारखान्यात फॉस्जीन वायूच्या गळतीने एका कामगाराचा मृत्यू झाला होता. त्यानंतर राजकुमार केसवानी या भोपाळच्या तरुण पत्रकाराने कारखान्याची माहिती चिकाटीने गोळा केली आणि सप्टेंबर 1982 पासून ‘रपट’ या आपल्या लहानशा साप्ताहिकातून शहर धोक्यात असल्याचे लेख लिहिले. जून 1984 मध्ये ‘जनसत्ता’तूनही त्यांनी तोच इशारा दिला. इकडे 1982 च्या डिसेंबरात विधानसभेत प्रश्न निघाला तेव्हा राज्याच्या श्रममंत्र्यांनी सभागृहात उभे राहून कारखान्यापासून शहराला धोका नसल्याचे सांगितले होते. सभागृहाच्या कार्यवृत्तात मुद्रा उतरत नाही, शब्द तेवढे उतरतात. आणि त्या शब्दांचे मोल 3 डिसेंबरच्या पहाटे शहराला कळले. पुढे 7 डिसेंबरला कार्बाइडचे अध्यक्ष वॉरेन अँडरसन यांना भोपाळमध्ये अटक झाली आणि त्याच दिवशी जामिनावर सोडून सरकारी विमानाने दिल्लीला नेण्यात आले. हेही शहराने पाहिले होते.

तेव्हा 16 डिसेंबरला भोपाळकर मुख्यमंत्र्यांच्या त्या दिवशीच्या धैर्याकडे पाहत नव्हते. दोन वर्षांपूर्वीच्या आश्वासनाचा आणि तेरा दिवसांपूर्वीच्या रात्रीचा हिशेब ते त्या धैर्याशी ताडून पाहत होते. असत्य ठरलेले आश्वासन खपून गेले होते आणि खरी ठरणारी कृती नाकारली गेली. पाहणाऱ्याला खऱ्या आणि खोट्या मुद्रेतील भेद केवळ पाहून करता येत नाही, तो भेद पूर्वानुभवच करतो, हे या दोन प्रसंगांवरून दिसते. आणखी एक विलक्षण गोष्ट अशी की त्या लोकसभा निवडणुकीत मध्य प्रदेशातील सर्वच्या सर्व चाळीस जागा सत्ताधारी काँग्रेसला मिळाल्या. भोपाळचीही त्यांत आली. इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या लाटेत मतदार एका वेगळ्याच प्रश्नाला उत्तर देत होता. गाव सोडताना माणूस आपल्या मुलांचा विचार करतो. मत देताना त्याच्या मनात देशाची चिंता असू शकते.

शास्त्राचा कौल

भोपाळने अनुभवाने जे शिकविले त्याला पाश्चात्त्य संशोधनाने बरेचसे दुजोरा दिला आहे. या क्षेत्रात सर्वाधिक उद्धृत होणारे उदाहरण 26 सप्टेंबर 1960 रोजी केनेडी आणि निक्सन यांच्यात झालेल्या दूरचित्रवाणी चर्चेचे. दुखऱ्या गुडघ्यामुळे नुकतेच रुग्णालयात राहून आलेले निक्सन थकलेले व घामेजलेले दिसले. केनेडी ताजेतवाने दिसले. दूरचित्रवाणी पाहणाऱ्यांना केनेडी जिंकले असे वाटले आणि नभोवाणी ऐकणाऱ्यांना निक्सन, ही आख्यायिका तेव्हापासून प्रचलित आहे. ती ज्या पाहणीवर उभी आहे तीत केवळ नभोवाणी ऐकणाऱ्यांची संख्या तीनशेहूनही कमी होती. एवढ्या कच्च्या पायावर गेली साठ वर्षे केवढा मोठा डोलारा उभा आहे!

संभाषणातील केवळ सात टक्के अर्थ शब्दांत असतो आणि उरलेला स्वरात व चेहऱ्यात, हे वाक्यही असेच. अल्बर्ट मेहराबियन यांनी 1967 मध्ये केलेले प्रयोग एकेका सुट्या शब्दातून आवड-नावड कशी व्यक्त होते एवढ्यापुरते होते. राजकीय भाषणाला ते लागू करणे म्हणजे औषधाच्या थेंबावरून नदीचे पाणी मोजण्यासारखे आहे.

मात्र चेहऱ्याचा काहीच परिणाम होत नाही, असेही नाही. प्रिन्स्टन विद्यापीठाचे अलेक्झांडर टोडोरोव्ह आणि त्यांचे सहकारी यांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकन सेनेटच्या उमेदवारांची छायाचित्रे, ज्यांना ते उमेदवार ठाऊक नव्हते अशा लोकांना क्षणभर दाखविली आणि अधिक कर्तबगार कोण वाटतो ते विचारले. सुमारे सत्तर टक्के लढतींत विजयी झालेला उमेदवारच त्यांनी निवडला होता. यावरून चेहरा मते मिळवितो असे अनुमान निघते. चेहऱ्याचा धनी खरोखर कर्तबगार होता की नाही, याविषयी तो अभ्यास काही सांगत नाही. आणि खरे-खोटे ओळखण्याविषयी बाँड व डीपॉलो यांनी 2006 मध्ये दोनशेहून अधिक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला तेव्हा माणसांची अचूकता 54 टक्क्यांच्या आसपास आढळली. नाणेफेकीहून ही विद्या फारशी सरस नाही.

पावसातली सभा

एवढे म्हटल्यावर नेत्याच्या शरीराकडे पाहूच नये असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. 18 ऑक्टोबर 2019 रोजी सातारा येथे शरद पवार भर पावसात भाषण करीत उभे राहिले. वय 78, पूर्वी कर्करोगाशी झुंज दिलेली, अंगावरून पाण्याच्या धारा, आणि समोर न हललेली सभा. ते छायाचित्र महाराष्ट्रभर पोहोचले. तीन दिवसांनी झालेल्या लोकसभा पोटनिवडणुकीत त्यांच्या पक्षाचे श्रीनिवास पाटील यांनी उदयनराजे भोसले यांचा सुमारे 87 हजार मतांनी पराभव केला.

त्या भिजलेल्या देहाने मतदाराला काही खरे सांगितले, हे मान्य करावे लागेल. या वयातही माणसाची उमेद शाबूत आहे, लढतीसाठी कष्ट सोसण्याची त्याची तयारी आहे, हे त्यातून दिसले. परंतु त्या सभेत शब्दही होते. मागील वेळी उमेदवार निवडण्यात आपली चूक झाली, अशी जाहीर कबुली त्यांत होती. पावसाने त्या कबुलीला वजन आणले आणि कबुलीने पावसाला अर्थ दिला. पाच वर्षांनी, 2024 मध्ये, त्याच साताऱ्याने उदयनराजे यांना निवडून दिले. तेव्हा प्रश्न वेगळे होते, पक्षांची जुळणी वेगळी होती. पावसातील चित्र लोक विसरले नव्हते; ते त्यांनी त्याच्या जागी ठेवले होते.

या सर्व प्रसंगांचे सार काढावयाचे तर ते असे. नेत्याच्या शरीरावरून त्याची शक्ती, थकवा, सराव, माणसांत वावरण्याची सवय आणि एखाद्या गोष्टीसाठी किंमत मोजण्याची तयारी या गोष्टी बऱ्यापैकी कळतात. त्याचा शब्द खरा आहे काय, सत्ता मिळाल्यावर तो काय करील आणि त्याच्या भोवतालची माणसे कशी आहेत, या गोष्टी शरीरावरून कळत नाहीत. दुर्दैवाने मतदाराला नेमक्या याच गोष्टी कळणे अधिक गरजेचे असते.

त्यासाठी लागते ती स्मृती. आणि समाजाच्या स्मृतीचे एक विश्वासाचे ठिकाण म्हणजे ग्रंथालय. केसवानींच्या लहानशा साप्ताहिकाला चेहरा नव्हता, व्यासपीठ नव्हते, हारतुरे नव्हते. काही पानांचा मजकूर तेवढा होता, आणि शहराला हवी असलेली माहिती त्याच पानांत होती. ती पाने दोन वर्षे उपलब्ध होती; वाचणारे मात्र थोडे होते. केसवानी 2021 मध्ये निवर्तले. त्यांच्या इशाऱ्याची आठवण आज सारे जग काढते. ती 1982 च्या सप्टेंबरात काढली गेली असती तर पुढील इतिहास कदाचित निराळा झाला असता.

वाचनकक्षात दररोज सकाळी वृत्तपत्र उलगडणारा सभासद प्रथम छायाचित्र पाहतो, हे स्वाभाविक आहे. छायाचित्रातील मुद्रा पाहून झाल्यावर त्याच नेत्याने मागील वर्षी काय सांगितले होते, हे पाहण्यासाठी जुन्या अंकांची बांधीव फाइल मागणारा सभासदही प्रत्येक ग्रंथालयात एखादा असतो. लेखनिकाला ती फाइल माळ्यावरून काढावी लागते, तिच्यावरची धूळ झटकावी लागते. शंभर वर्षे जपलेल्या संस्थेने हे कष्ट आनंदाने करावेत. सुलतान जहान बेगमांना लोकांनी त्यांच्या कामावरून आणि लेखणीवरून ओळखले, त्या वेळी त्यांचा चेहरा बुरख्याआड होता. आज चेहऱ्यांचा महापूर आला असता मतदाराला तीच रीत पुन्हा शिकावी लागणार आहे, आणि ती शिकण्याची जागा फाइलीच्या त्या धुळकट पानांजवळ आहे.